पाचवा पाट

१

श्रावण जवळ आला की आमच्या जेवणाच्या टेबलावरचं जेवण बंद होतं आणि तिथं माझे कागद पसरतात. हे तक्रार करत नाहीत. "आला का तुझा सीझन," एवढंच म्हणतात आणि स्वयंपाकघरात खाली ताटं मांडायला घेतात. देवासमध्ये यांना अजून सगळे भास्कर सर म्हणतात, गणिताचे. निवृत्त झाल्यापासून ताटं मांडायचं काम यांनी आपणहून घेतलं आहे.

माझं काम म्हणजे जुन्या छापील पोथ्यांतली चित्रं हातानं उतरवून रंगवायची. शिळाप्रेसच्या काळातल्या पोथ्या, कागद तपकिरी झालेला, हात लावला तर कडा गळतात. त्यातल्या चित्रावर पातळ बटर पेपर ठेवायचा, रेघ गिरवायची, मग त्या रेघेवरून सुईनं भोकं पाडत जायचं. तो कागद कोऱ्या जाड कागदावर ठेवून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी हलकेच आपटली की खाली ठिपके उमटतात. ठिपके जोडून रेघ, रेघेत रंग. डोळे सगळ्यात शेवटी, शुक्रवारी सकाळी, अंघोळ झाल्यावर.

सगळ्यात जास्त मागणी जिवतीला. जिवती म्हणजे लेकरांची राखणदार. श्रावणातल्या दर शुक्रवारी तिचा कागद पुजायचा आणि मग आपल्या मुलांना पाटावर बसवून ओवाळायचं. मूल परगावी असलं तर चारी दिशांना अक्षता टाकायच्या. इंदूरहून छापील कागद येतात बाजारात, पण त्यातल्या देवीचं नाक दर वर्षी जास्त बोथट होत चाललंय. म्हणून इथल्या दहा-बारा मराठी घरांत माझ्या हातची जिवती जाते. इथल्या लोकांचा सावन आमच्या आधी पंधरा दिवस लागतो, तेव्हा ते सोमवारी देवीच्या टेकरीवर जायला लागले की मला कळतं, आता ब्रश बाहेर काढायचे.

यंदा धारच्या जानकीबाईंनी त्यांच्या घरची पोथी पाठवली होती. त्यांची नात प्रियांका पुण्याला असते, तिच्यासाठी एक प्रत हवी होती. बाग गावच्या छापाच्या लाल फडक्यात बांधलेली पोथी त्यांचा मुलगा वीरेंद्र येऊन देऊन गेला. म्हणाला, "मावशी, मुझे तो पढ़ते बनता नहीं, आपणच सांभाळा."

यंदा माझ्या हाताला जरा कंपही होता. वयाचा नव्हे, काळजीचा. आमच्या सुनेला, स्वानंदीला, आठवा महिना लागला होता. चिऊ झाली त्याला सहा वर्षं झाली, त्यानंतर दोन वेळा अर्ध्यातच सगळं संपलं होतं. स्वानंदीला आई नाही. डॉक्टरीणबाईंनी पूर्ण झोपून राहायला सांगितलेलं. मी सोळा शुक्रवार बोलले होते, संकष्टी होतीच, शिवाय मीठ सोडलं होतं. यापेक्षा बाईमाणसाच्या हातात काय असतं?

२

पोथीतली जिवती मी आजवर पाहिलेल्या जिवत्यांपेक्षा वेगळी होती. देवी झोपाळ्यावर बसलेली, मांडीवर तान्हं. पायाशी ओळीनं चार पाट, पाटांवर चार मुलं मांडी घालून, ओवाळून घ्यायला बसतात तशी. मुलं म्हणजे जुन्या छापात असतात तशीच, लहान अंगावर मोठ्या माणसांची तोंडं. त्या काळच्या चित्रकारांना मूल काढायला जमतच नसे, मोठं माणूसच आखडून काढत. मला त्याचं नेहमी हसू येतं.

आणि डाव्या बाजूला पाळणा. साखळ्या, मोर, झालर, सगळं बारकाईनं काढलेलं. पाळणा रिकामा.

पहिली प्रत मी नेहमी आमच्या देवघरासाठी करते. रंग भरून झाले, पण दर वेळी नजर त्या पाळण्यावर जाऊन थांबे. रिकामा पाळणा आपण हलवूसुद्धा देत नाही घरात, आणि हा देवीच्या शेजारी, आमच्या देवघरात, आत स्वानंदी झोपलेली असताना. वीस वर्षांत मी पोथीच्या चित्रात एक रेघ वाढवलेली नाही, कमी केलेली नाही. त्या दुपारी वाढवली. बटर पेपर न घेता, सुई न घेता, नुसत्या हातानं पाळण्यात एक बाळ काढलं. मूठ वळलेली, टाळूवर जावळ. मनात म्हटलं, आई, एवढं पदरात टाक, बाकी काही नको.

शुक्रवारी सकाळी डोळे काढले. बाळाचे मिटलेलेच ठेवले. पूजा केली, चिऊला ओवाळलं, आणि इंदूरला कामावर गेलेल्या आमच्या मुलासाठी, मननसाठी, त्या दिशेला अक्षता टाकल्या. त्याच दुपारी सोनोग्राफी होती. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसून बोलल्या. बाळाचं वजन भरलं होतं, ठोके छान होते. येताना यांनी कचोऱ्या आणल्या. मला उपास होता, तरी वासानंच पोट भरलं.

३

दुसऱ्या दिवशी देवघरात फुलं वाहताना मला चित्रात पाचवा पाट दिसला.

चार मुलं एकमेकांना जरा खेटून बसली होती आणि ओळीच्या शेवटी, उजवीकडे, एक पाट मोकळा होता. मी चष्मा पुसला. पाटाला नक्षी होती, चारही पाय होते, लाकडाच्या रेघा होत्या. रेघा माझ्या हाताच्या वाटत होत्या. पण मी तो काढलेला आठवेना.

म्हटलं, कामाच्या घाईत काढला असेल. पोथी सोडून बघितली. पोथीतही पाच पाट होते.

मग हसू आलं. म्हणजे मूळ चित्रातच होता तर, आणि आपण आंधळ्यासारखं चार चार म्हणत बसलो. मोबाइलमध्ये पहिल्या दिवशी काढून ठेवलेला पानाचा फोटो होता, त्यातही पाच. मोतीबिंदूचं डॉक्टर म्हणालेच होते, आता फार थांबू नका.

एवढ्यावर मी सोडून दिलं असतं. पण टेबल आवरताना तो सुईनं टोचलेला बटर पेपर हाती आला. खिडकीतून ऊन येत होतं. कागद उन्हाला धरला की भोकांतून चित्र उजेडाचं दिसतं, ते मला फार आवडतं. झोपाळा दिसला, देवी दिसली, चार मुलं सारख्या अंतरावर दिसली. शेवटच्या मुलापलीकडे कागद कोरा होता. एकही भोक नव्हतं.

कागद मी घडी करून रामरक्षेच्या पुस्तकात ठेवला आणि जेवायला वाढायला गेले. यांनी चार ताटं मांडली होती. मी, हे, मनन, आणि स्वानंदीचं खोलीत न्यायचं. चिऊ भिंतीला टेकून उभी होती, आपलं ताट कुठं ते शोधत.

मी म्हटलं, काय हो सर, पाचापर्यंत येईना का आता. हे ओशाळले, कपाळाला हात लावून हसले, पाचवं ताट घेतलं. चिऊसुद्धा हसली. मनन म्हणाला, बाबांचा पेपर कोण तपासणार.

४

रविवारीही चारच ताटं मांडली गेली. सोमवारीही. तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही, कारण यांचा चेहराच उतरला. रात्री मला म्हणाले, डोक्याच्या डॉक्टरला दाखवावं का. मी म्हटलं, बाळाची काळजी आहे सगळ्यांना, होतं असं.

मंगळवारी शाळेची व्हॅन दारासमोरून न थांबता गेली. हे मागे धावले. चालवणारा भला माणूस, दोन वर्षं रोज येतो. तो गाडी मागे घेऊन आला आणि गोंधळून म्हणाला, "माफ करना भिया, इस घर का बच्चा तो दिमाग से ही उतर गया." बुधवारी चिऊनं सांगितलं की टीचरनी हजेरीत तिचं नाव घेतलं नाही. तिनं हात वर केला होता, पण टीचर दुसरीकडे बघत होत्या. रडत नव्हती. मला तेच खटकलं. आमची चिऊ भोपळ्याच्या भाजीवरूनसुद्धा रडते.

त्या आठवड्यात चित्राकडे मी रोज बघत होते आणि रोज ठरवत होते की उद्या बघायचं नाही. मोकळ्या पाटावर मंगळवारी एक घडी दिसली, कापडाची. मला वाटलं कागदाला ओल आली. बुधवारी घडीला झालर होती. गुरुवारी झालरीखालून दोन पावलं आली. एक मांडीखाली घेतलेलं, दुसरं पाटाबाहेर सोडलेलं.

चिऊला दोन्ही पाय घालून मांडी घालता येत नाही. डावं पाऊल नेहमी बाहेर राहतं. ओवाळताना मी दर वेळी तिला सांगते, पाय आत घे बाळा, आणि दर वेळी ते बाहेर येतं.

त्या दुपारी घरात सगळीकडे शांतता होती. हे वाचनालयात गेलेले, स्वानंदी झोपलेली. चिऊचा आवाज नाही म्हणून मी शोधायला निघाले, तर ती देवघरासमोर फरशीवर बसली होती, भिंतीला समांतर, हात गुडघ्यांवर, डावं पाऊल बाहेर. डावीकडे भरपूर जागा सोडून एका टोकाला. कुठूनतरी करकर आवाज येत होता, कडी घासल्यासारखा, थांबून थांबून, एका लयीत. आमच्याकडे झोपाळा नाही. वरच्या मजल्यावरही नाही.

मी विचारलं, इथं का बसलीस.

"मी टोकाला आहे," ती म्हणाली. "त्या सगळ्या सरकल्या, आजी. माझ्यासाठी."

मी तिला उचलून आत नेलं. सहा वर्षांची झाल्यापासून मला ती उचलवत नाही, गुडघे दुखतात. त्या दिवशी उचलली गेली. काही वजनच लागलं नाही.

५

दुसरा शुक्रवार कसाबसा पार पडला. शनिवारी मी धारला गेले. यांना सांगितलं की पोथीतलं एक पान नीट लागत नाहीये, जानकीबाईंना विचारून येते. इंदूरला बस बदलून दुपारी धारला पोचले. मुंज तलावाच्या अलीकडे नव्या वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं नीटनेटकं घर आहे. एके काळी त्यांच्या घरातले तात्यासाहेब दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते, पण त्याचा त्या उच्चार करत नाहीत. ऐंशी वर्षांच्या, ताठ, डोळे स्वच्छ. त्यांनी माझ्यासाठी बिनमिठाची साबुदाण्याची खिचडी करून ठेवली होती.

मी जरा आडून विचारलं. पोथीच्या चित्रात पाळणा रिकामा का असेल, त्यात कुणी बाळ काढलेलं चालतं का, असं.

जानकीबाईंना आनंद झाला. म्हणाल्या की त्या सून होऊन आल्या तेव्हा त्यांच्याकडे ही जिवती पोथीतून बघून भिंतीवर काढत. वीरेंद्रच्या वेळी दिवस अवघड गेले होते, म्हणून एका श्रावणात त्यांनी स्वतःच भिंतीवरच्या पाळण्यात बाळ काढलं. सासूबाईंना न विचारता. "आणि बघ, कसा धडधाकट झाला," त्या म्हणाल्या. "देवीनं ऐकलं माझं."

मी विचारलं, वीरेंद्र एकटाच ना तुम्हाला.

"एकटाच."

त्यांच्यामागे भिंतीवर एक फोटो होता, काळापांढरा. जानकीबाई खुर्चीवर, मांडीवर वीरेंद्र, चार-पाच महिन्यांचा. मागे त्यांचे यजमान. जानकीबाईंचा एक हात बाळाभोवती होता. दुसरा खुर्चीच्या बाजूला जरा उचललेला, तळवा खाली, बोटं किंचित वाकलेली, पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर ठेवतात तसा. हाताखाली काही नव्हतं. मागचा पडदा दिसत होता.

मी बोट दाखवलं. त्या उठून जवळ गेल्या, बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, फोटोवाल्यानं तसा ठेवायला सांगितला असेल. मग परत येऊन बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

"एक सांगू का कमल, हसू नकोस. श्रावणात वीरेंद्रला ओवाळते ना, तो आता पन्नाशीला आला तरी बसतो माझ्यासाठी. त्याचं झालं की माझा हात आपोआप शेजारी जातो आणि पुन्हा ओवाळतो. तिथं कुणी नसतं. इतकी वर्षं झाली. सून हसते. सवय आहे म्हणते मी. पण सवय लागायला आधी कुणी असावं लागतं ना गं?"

मी खिचडीची बशी खाली ठेवली. मी नमस्कार करून निघाले. त्या दारापर्यंत आल्या आणि प्रियांकाची प्रत सावकाश कर म्हणाल्या.

६

बसमध्ये मी स्वतःला खूप समजावलं. म्हाताऱ्या बाईचा हात, फोटोवाल्याची खोड, माझे डोळे, यांचा विसराळूपणा, व्हॅनवाल्याची घाई. एकेक वेगळं धरलं तर प्रत्येकाला उत्तर होतं. इंदूर येईपर्यंत मी जवळजवळ बरी झाले होते.

पुढचा आठवडा मी चिऊला शाळेत पाठवलं नाही. डोळ्यांसमोर ठेवली. तिची आईसुद्धा तिच्याबद्दल विचारेनाशी झाली होती. स्वानंदी, जी पोरीच्या वेण्या घातल्याशिवाय झोपत नसे. मी मुद्दाम चिऊला तिच्या पलंगावर नेऊन बसवलं की तिला जवळ घेई, हसे, आणि पाच मिनिटांत पुन्हा पोटावर हात ठेवून खिडकीकडे बघत बसे. मनननं बाळासाठी मच्छरदाणी आणली आणि ती चिऊच्या पलंगावर ठेवली, चिऊ तिथं झोपलेली असताना.

तिसऱ्या शुक्रवारी मी चिऊला पाटावर बसवलं. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन उचललं. ओवाळताना मी नेहमी मनात नाव घेते, अमकीला औक्ष दे. हात उजवीकडून गोल फिरला आणि मला नाव आठवेना.

समोर मुलगी बसली होती. गोरी, गालाला खळी, पुढचा एक दात पडलेला. कुणाची तरी गोड मुलगी. मला तिच्याकडे बघून असं वाटलं की हिची आई हिला शोधत असेल.

ते किती वेळ टिकलं सांगता येत नाही. निरांजनातलं तूप बोटावर सांडलं, चटका बसला, आणि चिऊ, चिऊ, चिऊ म्हणत मी तिला पोटाशी धरलं.

तिला यांच्या हाती दिलं. दार लावून घेतलं, चित्र भिंतीवरून काढलं, टेबलावर ठेवलं. जे वाढवलं ते पुसायचं. बारीक ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवला आणि पाळण्यातल्या बाळाच्या गालावर टेकवला. गुलाबी रंग सुटून ब्रशला लागला.

"आई." मननची हाक होती, तो त्या दिवशी घरीच होता, स्वानंदीच्या खोलीतून. "आई, लवकर ये."

ती पलंगाची कड धरून बसली होती, चेहरा पांढरा. पोट दगडासारखं झालं होतं. मी हात लावला तर आतून काही हलत नव्हतं. गाडी काढायची धावपळ सुरू झाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, त्या हातात अजून तो ओला ब्रश होता. मी तो पदरात घट्ट दाबून कोरडा केला. का केला ते विचारू नका.

थोड्या वेळानं तिनं श्वास सोडला. म्हणाली, लाथ मारली. मग हसली, मग रडली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं की खोट्या कळा असतील, तरी संध्याकाळी दाखवून जा.

मी परत टेबलाशी गेले. बाळाच्या गालावर पाण्याचा एक डाग होता, कोरडा. पाटावरच्या मुलीला आता हात होते, गुडघ्यांवर ठेवलेले. चेहरा तेवढा उरला होता.

७

संध्याकाळी हे, मनन आणि स्वानंदी दवाखान्यात गेली. चिऊला मी त्यांच्याबरोबर पाठवलं, मननच्या हातात तिचा हात देऊन, आणि त्याच्याकडून कबूल करून घेतलं की हात सोडायचा नाही. त्याला वाटलं आईचं डोकं फिरलंय. पण तो चांगला मुलगा आहे, हो म्हणाला.

ऊन अजून होतं. मी टेबलाशी बसून हिशोब केला नाही, प्रार्थनाही केली नाही. एक साधी गोष्ट डोक्यात आली, इतकंच. ओवाळायला पाटावर बसतं ते आईचं मूल असतं. वय कुणी विचारत नाही. वीरेंद्र पन्नाशीचा असून बसतो. माझी आई जाऊन तेवीस वर्षं झाली, तरी मी तिची मुलगीच आहे ना.

चिऊच्या फ्रॉकची झालर मी दाट हिरव्या रंगानं झाकली आणि वर परकर काढला, जांभळ्या काठाचा, मला शाळेत असताना होता तसा. बाहेरचं पाऊल परकरात घेतलं. दोन वेण्या, वर बांधलेल्या. डाव्या भुवईवर खोक, धाकट्या मामाच्या सायकलवरून पडले होते त्याची. चेहरा आठवायला कष्ट पडले नाहीत. हात थरथरत नव्हता, याचं मलाच नवल वाटलं.

डोळे शेवटी. शुक्रवार होता, अंघोळ झालेली होती.

दुसरा डोळा काढून ब्रश उचलला आणि शेजारच्या चौघींकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मोठ्या माणसांची तोंडं, मी म्हणत आले होते. एकीच्या भांगात पांढरे केस होते, बारीक रेघांनी काढलेले. एकीच्या हातांवर शिरा होत्या. तिसरीच्या गालांची पोकळी दात गेल्यावर पडते तशी होती. चित्रकाराला मूल काढता येत होतं. चौथं खरंच मूल होतं, लहान, आणि ते कुणी बोलावतंय का म्हणून चित्राच्या बाहेर बघत होतं.

ब्रश हातातून सुटून खाली गेला. मी वाकले.

टेबलाखाली, पलीकडच्या बाजूला, दोन पावलं होती. जोडवी घातलेली, हळद लावलेली, ओली. जमिनीला टेकलेली नव्हती. वीतभर वर होती आणि हळूहळू पुढे येत होती, मागे जात होती, पुढे येत होती. कडी करकरत होती.

मी मान वर केली नाही. तिथूनच, टेबलाखालूनच, जमिनीला डोकं टेकून नमस्कार केला. कपाळाला काहीतरी गार, ओलसर लागलं, बोटाच्या टोकाएवढं. मग आवाज थांबला.

८

सात वाजता सगळी परत आली. चिऊ पायरीपासूनच भोकाड पसरत होती, तिला भेळ दिली नव्हती म्हणून. इतकं गोड रडणं मी ऐकलं नव्हतं. स्वानंदी तिच्यावर ओरडली, मग तिला जवळ घेऊन तिच्या विस्कटलेल्या वेण्या सोडायला बसली. सोमवारी व्हॅनवाल्यानं कोपऱ्यापासूनच हॉर्न वाजवला.

पुढचे दिवस बरे गेले. मी काही बोलले की उत्तर यायला वेळ लागायचा, पण घरात गडबड होती. हे कधी कधी स्वयंपाकघरात येऊन उभे राहायचे आणि कशाला आलो ते आठवत नसल्यासारखे परत जायचे. मी माझं वाढून घेत असे.

गणपती गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात स्वानंदी मोकळी झाली. मुलगा. रडणं फोनवर ऐकलं, मनननं यांच्याशी बोलताना फोन स्पीकरवर ठेवला होता तेव्हा. मी देवापुढे साखर ठेवली.

ती घरी यायच्या दिवशी मी पहाटेच उठले. बाळंतिणीच्या खोलीत धुरी दिली. ज्वारीची भाकरी केली, तुकडा वेगळा ठेवला, तांब्यात पाणी घेतलं. बाळ पहिल्यांदा घरात येतं तेव्हा त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, तो मान घरातल्या मोठ्या बाईचा. निरांजन लावलं, इरकली नेसले आणि ताट घेऊन दाराबाहेर पायरीशी उभी राहिले.

गाडी आली. मनन उतरला, स्वानंदी उतरली, तिच्या दुपट्यात तो. चिऊ पुढे पळत आली. हे घरातून बाहेर आले, माझ्याजवळून गेले, आणि समोरच्या घरातल्या भवानीबाईंना हाक मारली. त्या हात पुसत आल्या.

"भवानीबाई, जरा भाकरतुकडा ओवाळून टाका," हे म्हणाले. "आमच्याकडे मोठं बाईमाणूस कुणी नाही ना."

त्या म्हणाल्या, त्यात काय सर, मी आहे की. धावत जाऊन आपल्या घरातून पोळीचा तुकडा आणि पाणी घेऊन आल्या. मी ताट धरून तिथंच होते. त्यांचा पदर माझ्या हाताला घासून गेला.

ओवाळून झालं. उंबरठ्यावर स्वानंदी थांबली आणि माझ्या बाजूला वळून बघू लागली. गॅस बंद केला का, असं आठवताना माणूस बघतं तसं. कपाळाला आठी पडली. ओठ हलले. मी ताट पुढे केलं.

दुपट्यात बाळ कुसमुसलं. ती खाली बघून हसली आणि आत गेली. हे मागोमाग गेले आणि दार लावून घेतलं, वारा लागू नये म्हणून.

आतून चिऊचा आवाज येत होता. बाळाचे पाय आधी मी बघणार, मी मोठी आहे, असं भांडत होती बापाशी. सगळे हसत होते. मी पायरीवर बसले. वाऱ्यानं निरांजन फडफडत होतं, म्हणून हात आडवा धरला.